मर्ढेकरांची वाटणी

बा. सी. मर्ढेकरांचा विषय निघाला की थोड्याच वेळात त्यांची वाटणी होते. कविता एकीकडे, सौंदर्यशास्त्र दुसरीकडे. कविता आपली, ती घरात राहू दे. सौंदर्यशास्त्र जुने आणि बोजड, ते माळ्यावर टाका. अलीकडेच एका साहित्यिक कार्यक्रमात ही वाटणी मी पुन्हा एकदा पाहिली. बोलणारे तिघेही वाचणारे लोक होते. एकाने मर्ढेकरांचे लयतत्त्व, म्हणजे कलाकृतीतले घटक संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांनी बांधलेले असतात हे म्हणणे, निरर्थक ठरवले. दुसऱ्याने त्याला हात लावू नका, ते मराठीचे वैभव आहे, असे सांगितले. तिसऱ्याने हे सगळे इंग्लंडहून आलेले आहे म्हणत दोघांनाही गप्प केले. तिघे एकमेकांशी भांडत होते, पण कवी मर्ढेकर आणि मीमांसक मर्ढेकर ही दोन वेगळी माणसे आहेत हे तिघांनीही धरून चालले होते. वाद तिथेच बिघडतो. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र तत्त्वज्ञान म्हणून कित्येक ठिकाणी कोसळते हे मला मान्य आहे. पण ते बाजूला केले की त्यांची कविता शक्य कशी झाली हेच कळेनासे होते. एका कवीने आपल्या कामासाठी घडवलेली हत्यारे म्हणून ते लेखन वाचावे लागते. तसे वाचले तर त्यातल्या चुकासुद्धा उपयोगाच्या ठरतात.

या वाटणीला आपले विद्यापीठीय शिक्षणही जबाबदार आहे. कविता ‘आधुनिक मराठी कविता’च्या पेपरात, लयतत्त्व ‘साहित्यशास्त्रा’च्या पेपरात, आणि बहुधा दोन वेगळ्या सत्रांत. मीही तसाच शिकलो. संवाद, विरोध, समतोल हे लयीचे तीन नियम मी गाइडमधून पाठ केले, दहा गुणांचे उत्तर लिहिले, आणि त्याच वर्षी मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता वाचताना त्या तीन शब्दांपैकी एकही मला आठवला नाही. आठवावा असे कोणी सुचवलेही नाही. पुढे अनेक वर्षांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्रावरचे पुस्तक सलग वाचले तेव्हा मला अक्षरशः राग आला. ज्या पुस्तकाशेजारी ठेवून त्या कविता वाचायला हव्या होत्या, ते पुस्तक आमच्यापर्यंत पोहोचले होते फक्त तीन मुद्द्यांच्या रूपात.

आपल्या परंपरेत अशी वाटणी कधी झाली होती का? सतराव्या शतकातला जगन्नाथ पंडित ‘रसगंगाधर’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथाच्या आरंभीच बजावतो की उदाहरणांना लागणारे काव्य मी स्वतः रचले आहे, दुसऱ्याचे काही घेतलेले नाही, अंगात कस्तुरी निर्माण करण्याची शक्ती असलेला मृग फुलांच्या वासामागे कशाला जाईल? सिद्धान्त सांगणारा आणि श्लोक रचणारा तिथे एकच आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे. युरोपात फ्रेंच कवी बोदलेअरने चित्रप्रदर्शनांवर जी समीक्षा लिहिली ती बाजूला ठेवून त्याची कविता समजून घेण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. मग मर्ढेकरांच्याच नशिबी ही फाळणी का यावी? त्यांच्याबाबतीत तर काळाचा क्रमसुद्धा वाटणीच्या विरोधात साक्ष देतो.

तो क्रम नीट पाहण्यासारखा आहे. मर्ढेकरांचा जन्म १९०९चा, खानदेशातल्या फैजपूरचा. १९२९ ते १९३३ ते इंग्लंडमध्ये होते. ‘आर्ट्स अँड मॅन’ हे त्यांचे सौंदर्यशास्त्रावरचे इंग्रजी पुस्तक १९३७ साली आले. पहिला कवितासंग्रह ‘शिशिरागम’ १९३९चा. आज ‘शिशिरागम’ उघडला तर हा कवी बालकवी आणि माधव ज्यूलियन यांच्या छायेत वाढलेला आहे हे लगेच दिसते. प्रेमभंग, हुरहुर, नेटके वृत्त, सुंदर शब्द. वाईट कविता नाहीत त्या, पण त्यांच्यावर मर्ढेकरांचे नाव नसते तर आज त्या कोणी काढून वाचल्या असत्या असे मला वाटत नाही. मग १९४१मध्ये ‘वाङ्मयीन महात्मता’ आणि १९४४मध्ये साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरची दोन इंग्रजी व्याख्याने आली. याच सुमाराला संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनात विचार जसे वाहतात तसेच ते मांडण्याचा, प्रयोग करणारी ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी, तिच्यामागून ‘तांबडी माती’, आणि काही संगीतिका. आणि १९४७ साली ‘काही कविता’. ‘शिशिरागम’ आणि ‘काही कविता’ ही दोन पुस्तके एकाच हाताने लिहिली यावर विश्वास बसू नये इतके अंतर त्यांच्यात आहे, आणि ते अंतर जवळजवळ सगळे विचाराने भरलेले आहे. म्हणजे आधी कविता झाल्या आणि मागून त्यांचे समर्थन करायला सिद्धान्त आला, असे इथे घडलेले नाही. सिद्धान्त आधी आला आणि त्याने कवीला जुन्या कवितेतून बाहेर ओढले.

यावर कोणी म्हणेल की त्या आठ वर्षांत महायुद्ध झाले, बंगालचा दुष्काळ झाला, मुंबई बदलली. कवीला काळाने बदलले, सिद्धान्ताचे श्रेय कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. काळ नसता तर ‘पिपांत’ झाली नसती. पण तोच काळ मराठीतल्या सगळ्याच कवींच्या वाट्याला आला होता. बहुतेकांनी युद्धावरही जुन्याच शब्दांत लिहिले. मर्ढेकरांकडे जास्तीचे काय होते? ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये त्यांनी मोठेपणाची कसोटी म्हणून ‘आत्मनिष्ठा’ पुढे ठेवली: लेखकाने स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहणे, दुसऱ्याने अनुभवलेले उसने न घेणे. ही कसोटी ‘शिशिरागम’ला लावली तर काय उरते याचे उत्तर त्या संग्रहाच्या कवीला टाळता येण्यासारखे नव्हते. रोज लोकलने रेडिओच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाने चांदण्यातल्या प्रेयसीवर सुनीत लिहायचे, ते कोणाच्या अनुभवाच्या जोरावर? सिद्धान्त काळाची जागा घेत नाही. पण काळ कवितेत शिरायला जो दरवाजा लागतो तो त्याने मर्ढेकरांना उघडून दिला.

आता कारखान्यात जाऊ. सिद्धान्ताची परीक्षा शेवटी ओळीतच होते.

मर्ढेकरांचे एक महत्त्वाचे म्हणणे असे की साहित्याचे माध्यम शब्दांचा नाद नाही आणि कोशातला अर्थही नाही. शब्दाला जो भावनात्मक अर्थ चिकटलेला असतो तो साहित्याचा कच्चा माल आहे. चित्रकाराला रंग तसा लेखकाला हा अर्थ. त्याला जोडून त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ ही कल्पना मांडली. शब्द जड आहे, पण मुद्दा साधा आहे: दोन गोष्टी बाहेरून अजिबात सारख्या दिसत नसतील, तरी त्या मनात एकाच जातीचा ताण उभा करत असतील तर कवी त्यांना शेजारी आणू शकतो. आता या चार ओळी घ्या:

न्हालेल्या जणु गर्भवतीच्या
सोज्वळ मोहकतेने बंदर
मुंबापुरिचे उजळित येई
माघामधली प्रभात सुंदर

जुन्या अलंकारशास्त्राच्या हिशेबात उपमेय, उपमान आणि दोघांत समान असलेला धर्म दाखवावा लागतो. मुख चंद्रासारखे, कारण दोन्ही आल्हाद देणारी. इथे समान धर्म कोणता? माघातली पहाट आणि नुकतीच न्हालेली गर्भवती यांच्यात डोळ्याला दिसणारे साम्य काय? जवळजवळ काहीच नाही. मागाहून शोधले तर मालाने जड झालेली गलबते, बंदरावरचे पाणी, धुक्याचा ओलसरपणा असे काही सापडेल. पण ओळ मनात शिरते ती या शोधाच्या आधी. जडपणा आणि स्वच्छता, थकवा आणि तेज, काहीतरी येऊ घातले असल्याची शांत वाट पाहणे, हे सगळे दोन्हीकडे एकाच प्रमाणात आहे, आणि साम्य त्या प्रमाणात आहे. पुढे ‘डोकी अलगद घरे उचलती काळोखाच्या उशीवरूनी’ असे तो कवी म्हणतो तेव्हाही घर आणि डोके यांचा आकार जुळत नाही; जागे होण्याचा मंद ताण जुळतो. ‘भावनानिष्ठ समतानता’ हा शब्द ज्यांना कागदी वाटतो त्यांनी तो या कवितेवर ठेवून पाहावा. ती कविता कशी घडली हे याहून नेमके सांगणारा दुसरा शब्द मला तरी मराठीत मिळालेला नाही. (आणि मर्ढेकर म्हणजे फक्त कुरूपता असे म्हणणाऱ्यांनी हीच कविता मोठ्याने वाचावी. ‘पितात सारे गोड हिवाळा’ लिहिणारा माणूस जगण्यावर रुसलेला नव्हता.)

दुसरे टोक ‘पिपांत मेले’चे. या कवितेवर इतके लिहिले गेले आहे की ती आता अर्थाच्या ओझ्याखालीच मरेल अशी भीती वाटते. ते उंदीर म्हणजे कोण, पीप म्हणजे काय, छळछावणी की गिरणगाव, यावर पाने भरली आहेत. मला त्यातल्या फक्त दोन ओळींकडे लक्ष वेधायचे आहे.

माना पडल्या, मुरगळल्याविण
माना पडल्या, आसक्तीविण

दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या. चालही तीच, अर्धी ओळही तीच. पहिलीत मान पडते ती कोणी मुरगळली म्हणून नव्हे. हिंसेलासुद्धा हात लागत नाही, इतके ते मरण बिनमोलाचे आहे. मध्ये ‘ओठांवरती ओठ मिळाले’ अशी ओळ येते, आणि ती सरळ प्रेमकवितेतून उचललेली आहे. मग पुन्हा माना पडतात, या खेपेला आसक्तीविण. कान सांगतो की हीच ओळ मघाशी आली होती; अर्थ सांगतो की मघाशी खून नव्हता आणि आता प्रेम नाही. एकाच लयीत दोन नकार. पादाकुलकासारख्या वृत्तात, ज्या चालीत आपण बालगीतेसुद्धा म्हणतो, मेलेले उंदीर घालायचे आणि चाल जराही ढळू द्यायची नाही. संवाद आणि विरोध हे गाइडमधले मृत शब्द इथे जिवंत काम करताना दिसतात. मर्ढेकर या कवितेत कोणालाही दोष देत नाहीत, हळहळत नाहीत, उपदेश करत नाहीत. घटकांची रचनाच अशी केली आहे की दया मागायची गरज पडत नाही. ज्या कवीने कलेच्या स्वायत्ततेवर, म्हणजे कलेची कसोटी कलेबाहेर नसते या मतावर, दहा वर्षे विचार केला नसता त्याने इथे शेवटी दोन ओळींचा आक्रोश टाकलाच असता, आणि कविता संपली असती. त्याच कवितेत ‘बेकलाइटी’ असा शब्द येतो. बेकलाइट त्या काळात रेडिओच्या पेट्यांना, टेलिफोनला, विजेच्या बटणांना वापरत. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या माणसाला रोज हाताखाली लागणारा तो पदार्थ होता. आत्मनिष्ठा म्हणजे काय, तर हा एक शब्द.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे. ते टाळून मर्ढेकरांचा बचाव करणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल.

पहिला मुद्दा तर्काचा. लयीचे नियम सगळ्या कलांना लागू करायचे तर घटकांची तुलना करता यायला हवी. दोन रंगांच्या छटा, दोन स्वरांची उंची यांची तुलना काही प्रमाणात करता येते. पण ‘आई’ या शब्दाचा भावनात्मक अर्थ आणि ‘फलाट’ या शब्दाचा भावनात्मक अर्थ यांचा समतोल साधला आहे हे कोणत्या तराजूवर ठरवायचे? भावनेला मोजपट्टी नाही. मग कोणतीही यशस्वी कविता दाखवून तिच्यात संवाद, विरोध किंवा समतोल यांपैकी काहीतरी सापडतेच, आणि अयशस्वी कवितेतही सापडते. जो नियम कधीच मोडत नाही तो काही सांगत नाही. रा. भा. पाटणकर आणि प्रभाकर पाध्ये या समीक्षकांनी या मीमांसेची जी कसून झडती घेतली तिच्यानंतर लयतत्त्व हे सौंदर्याचे शास्त्रीय सूत्र आहे असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी (कला जीवनाहून वेगळी मानणारा) आणि लौकिकतावादी (ती जीवनाशी जोडणारा) असे दोन ध्रुव मांडले; मर्ढेकर पहिल्या ध्रुवाकडे इतके सरकलेले आहेत की दुसऱ्याचे अस्तित्वच त्यांना सिद्धान्तात नीट मान्य करता येत नाही. हे सगळे मी कबूल करतो. सूत्र म्हणून लयतत्त्व हरले.

पण हरलेले सूत्र आणि निकामी झालेले हत्यार यांत फरक आहे. सुताराचा हात ‘एवढी धार पुरे’ हे ओळखतो. त्याला धारेची व्याख्या विचारली तर तो अडखळेल, आणि त्याने केलेली व्याख्या चुकीचीही निघेल. म्हणून त्याचा रंधा बोथट होत नाही. जिथे जिथे मर्ढेकर ‘सौंदर्य म्हणजे काय’ हे सांगायला जातात तिथे ते हरतात. जिथे ‘या ओळीत काय चालले आहे’ हे सांगतात तिथे त्यांच्या जवळपास येणारे मराठीत फार थोडे आहेत. अडचण अशी की दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, एकाच जड भाषेत आहेत. ती भाषा अनावश्यक जड आहे हेही मान्य करायला हवे. कवितेत चहा-कॉफी आणि वीज-गाडी आणणारा माणूस गद्यात इतका संस्कृतबद्ध का झाला हे मला अजून कोडे आहे. सिद्धान्त प्रत्येक ठिकाणी यशस्वी झाला असेही नाही. ‘रात्रीचा दिवस’ मला आजही प्रयोगशाळेतली कादंबरी वाटते. तिच्यात तंत्राचा वास जास्त येतो, माणसाचा कमी.

दुसरा मुद्दा परकेपणाचा. इंग्लंडमध्ये राहिलेला, आधुनिक इंग्रजी कवी टी. एस. एलियट वाचलेला माणूस. त्याची कविता उसनी आणि सिद्धान्तही उसना. मराठीत हा आरोप नेहमी सोयीने वापरला जातो. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले, आणि पुढे त्याचे ‘सुनीत’ झाले. आज सुनीत परके आहे असे कोण म्हणते? कादंबरी परकी, निबंध परका, नियतकालिक परके, छापखानाही परकाच. मग फक्त मर्ढेकरांपाशीच जकात नाका का? आणि ही कविता कोणत्या मातीत उभी आहे ते तरी बघा:

सकाळी उठोनी
चहा-कॉफी घ्यावी,
तशीच गाठावी
वीज-गाडी

सहा, सहा, सहा, चार. हा अभंगाचा छंद. ‘सकाळी उठोनी’ म्हटले की मराठी कानाला पुढे देवाचे नाव हवे असते. कित्येक शतकांची सवय आहे ती. तिथे चहा-कॉफी येते. मुंबईत विजेवरची गाडी १९२५ साली सुरू झाली, म्हणजे ही वस्तू एका पिढीपुरतीही जुनी झालेली नव्हती, आणि मर्ढेकर तिला अभंगाच्या शेवटच्या चार अक्षरांच्या घरात, जिथे विठ्ठल बसायचा तिथे, नेऊन बसवतात. ज्याच्या कानात संतांची वाणी मुरलेली नाही त्याला या ओळींतला धक्का बसतच नाही. लंडनच्या वाचकाला तो कळणे शक्य नाही. एलियटने जसे मागे वळून जॉन डन या जुन्या इंग्रजी कवीकडे पाहिले तसे मर्ढेकरांनी तुकाराम-रामदासांकडे पाहिले. पद्धत ओळखीची असेल, पण त्यांना सापडले ते आपल्याच घरातले होते.

तिसरा मुद्दा खटल्याचा. तो विरोधकांचा नाही, पण या वादात तो कोणी काढत नाही याचे मला नवल वाटते. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून १९५२ साली निर्दोष सुटले. सरकारी नोकरीतला माणूस, स्वातंत्र्य नुकतेच आलेले, आणि स्वतःच्याच राज्याच्या न्यायालयात कवितेसाठी उभे राहणे. मराठीत याआधी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर असे खटले झाले होते, आणि १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली होती. तो खटला ते हरले, पण बचावाची रेषा स्पष्ट होती: लैंगिक प्रश्नांचे ज्ञान अश्लील कसे असेल? शास्त्र, आरोग्य, समाजाचा फायदा. कवितेला मात्र ही ढाल मिळत नाही. ‘पिपांत मेले’ कोणाचे आरोग्य सुधारते? ‘गात्रलिंग’ या शब्दाने कोणते ज्ञान मिळते? उपयोगाच्या न्यायालयात ही कविता पहिल्याच दिवशी दोषी ठरते. तिला वाचवायचे तर एकच युक्तिवाद शिल्लक राहतो: कवितेतला शब्द कवितेबाहेर काढून तपासता येत नाही, त्याचा अर्थ शेजारच्या शब्दांशी असलेल्या नात्यात आहे. हेच तर मर्ढेकर पंधरा वर्षे सांगत होते. पॅरिसमध्ये १८५७ साली बोदलेअरच्या सहा कवितांवर बंदी आली आणि ती उठायला १९४९ उजाडले. त्या खटल्याचा पायाही तोच होता: ओळी सुट्या काढायच्या आणि त्यांना नीतीच्या तराजूत टाकायचे. स्वायत्तता म्हणजे हस्तिदंती मनोरा, असे जे म्हणतात त्यांनी सांगावे की त्या दिवसांत मुंबईत कवीला स्वायत्ततेहून खाली, जमिनीवर उभे राहायला दुसरी जागा कोणती होती?

आणि इथेच ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकर वादाशी मर्ढेकरांच्या भूमिकेची गल्लत होते. कलेसाठी कला म्हणणारे ना. सी. फडके आणि स्वायत्तता मानणारे मर्ढेकर यांना एकाच खोक्यात टाकतात. फडक्यांची कला वाचकाला रिझवण्यासाठी होती, आणि तंत्र त्याचे साधन. मर्ढेकरांना रंजन ही कसोटीच मान्य नव्हती. खांडेकरांच्या बाजूचे म्हणणे होते की कलेने जीवनाची सेवा करावी. मर्ढेकरांची कविता त्या काळच्या जीवनाने इतकी भरलेली आहे की ‘जीवनासाठी’ लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी गणपत वाण्यासारखा माणूस उभा केला असेल? ‘या जागेवर बांधिन माडी’ असे स्वतःशी म्हणत, बिडी पीत पीत मरून गेलेला तो दुकानदार. त्याच्यावर कणव ओतलेली नाही, त्याच्या नावाने क्रांतीची घोषणाही नाही. म्हणूनच तो अजून जिवंत आहे.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. कलेची कसोटी फक्त कलेत, असे म्हणणारा सिद्धान्त प्रत्यक्षात पहारेकऱ्याच्या हातात पडला. दलित आत्मकथने आणि कविता आल्या तेव्हा ‘हे अनुभव म्हणून ठीक, पण कलाकृती म्हणून?’ हा प्रश्न ज्या तोंडांनी विचारला त्यांच्या जिभेवर मर्ढेकरांचीच परिभाषा होती. शरद पाटलांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९८८चे, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६चे. दुसरे सौंदर्यशास्त्र उभे करावे लागले याचा अर्थच असा की पहिल्यात जागा दिली गेली नव्हती. शुद्ध घाटाची, म्हणजे निव्वळ रूपाची, भाषा बोलणारा समाज कोणाच्या श्रमावर शुद्ध राहिला आहे, हा प्रश्न मर्ढेकरांनी आपल्या मीमांसेत विचारला नाही. तो त्यांच्या विचारातला खरा खड्डा आहे आणि काळाची सबब सांगून तो बुजवता येणार नाही. त्याच मुंबईत, त्याच वर्षांत आंबेडकर होते.

तरीही दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. एक, मोठेपणाची त्यांची कसोटी आत्मनिष्ठा ही होती, आणि ती कसोटी प्रामाणिकपणे लावली असती तर पहारेकऱ्यांनाच बाहेर काढावे लागले असते. उसन्या अनुभवावर लिहिणारे कोण होते आणि स्वतःच्या अनुभवाशी टक्कर देणारे कोण? बाबुराव बागुलांच्या कथा १९६३मध्ये पुस्तकरूपाने आल्या तेव्हा या कसोटीवर मराठीतली किती प्रतिष्ठित नावे टिकली असती? अनुयायांनी सिद्धान्तातला सोयीचा अर्धा भाग घेतला आणि गैरसोयीचा सोडला. ही आणखी एक वाटणी. दोन, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ला आला तेव्हा तो निव्वळ साक्ष म्हणून आला नव्हता. त्यातल्या भाषेची मोडतोड, शिव्या आणि प्रार्थना एकाच श्वासात घेणे, प्रतिमांची अंगावर येणारी रांग, हे रचनेचे काम आहे, आणि ते रचनेचे काम म्हणून वाचायला नकार देणे ही ढसाळांना कवीच्या दर्जावरून खाली उतरवून बातमीदार करण्याची रीत आहे. ‘यांचे दुःख खरे आहे’ एवढेच म्हणून थांबणारा वाचक त्या कवितेवर दया करतो. तिला दया नको आहे. ती कशी बांधली आहे हे विचारायला जी नजर लागते ती नजर कुठून आणायची? दलित सौंदर्यशास्त्राने उभे केलेले प्रश्न आणि मर्ढेकरांनी शिकवलेले बारीक वाचन यांना एकमेकांचे शत्रू मानून आपण दोन्हीकडून गरीब झालो आहोत.

मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत गेले, वयाची सत्तेचाळीस वर्षेही पुरी न करता. साहित्य अकादमीने त्यांना त्या वर्षी जो पुरस्कार दिला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’साठी होता. त्या वेळच्या जाणत्यांनी मीमांसकाला मान दिला, आज आपण कवीला देतो. दोन्ही वेळा अर्ध्याच माणसाला. विजया राजाध्यक्षांनी ‘मर्ढेकरांची कविता’ हा मोठा अभ्यास १९९१मध्ये पुढे ठेवला, तेव्हा तरी हे तुकडे जोडले जातील असे वाटले होते. अभ्यासकांत ते काही प्रमाणात झाले. वर्गात, सभांत आणि वादांत झाले नाही.

ज्यांना या सिद्धान्तावर हल्ला करायचा आहे त्यांना मी एक जागा दाखवतो, कारण लयीच्या तीन नियमांवर दगड मारून आता कोणालाच काही मिळत नाही. ‘भंगु दे काठिन्य माझें, आम्ल जाऊं दे मनीचें’ ही कविता घ्या. ती प्रार्थना आहे. ‘तुझ्या आवडीचे’ सूर माझ्या वाणीत येऊ देत असे ती कोणाला तरी म्हणते. म्हणजे आपला सूर बरोबर लागला की नाही हे ठरवण्याचा हक्क कवी कवितेबाहेरच्या कोणाच्या तरी हातात देतो. घटकांचे नाते, लय, समतोल यांच्या हिशेबात हा ‘तू’ कुठेच बसत नाही. स्वायत्त कलाकृतीला असा श्रोता असण्याचे कारण नाही. आणि तरी मर्ढेकरांच्या वाणीत सगळ्यात खरा सूर लागला आहे तो इथे, या ‘तू’पुढे. त्यांच्या सौंदर्यशास्त्रात ही कविता सामावत नाही, आत्मनिष्ठेत मात्र ती पुरेपूर सामावते, आणि ही दोन्ही तत्त्वे त्यांचीच आहेत. ती एकमेकांशी कुठे भांडतात हे शोधायचे तर दोन्ही पुस्तके एका टेबलावर उघडी ठेवावी लागतील.